वाढत्या विद्यापीठाचा कारभार हाती घेताना : नव्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातील एखाद्या सार्वजनिक विद्यापीठात कुलसचिव, उपकुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी किंवा अधिष्ठाता म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हा लेख लिहीत आहे. त्यांतही माझ्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने तुलनेने तरुण विद्यापीठे आहेत : १९९० मध्ये जळगावला, १९९४ मध्ये नांदेडला, २००४ मध्ये सोलापूरला आणि २०११ मध्ये गडचिरोलीला सुरू झालेली. अशा विद्यापीठात महाविद्यालये, अभ्यासक्रम आणि विद्यार्थी वाढत जातात. मंजूर पदे, इमारती आणि कामाच्या पद्धती मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. ही तफावत उद्घाटनाच्या समारंभात कोणाला दिसत नाही. ती दोन वर्षांनी परीक्षा विभागातल्या एखाद्या टेबलावर दिसते, आणि तोवर तिचा भार विद्यार्थ्याच्या डोक्यावर गेलेला असतो. म्हणून कोणत्याही नव्या प्रस्तावाला ‘हो’ म्हणण्यापूर्वी तो पेलण्याची आपली ताकद मोजणे आणि ते मोजमाप नस्तीवर, म्हणजे फायलीवर, लिहून ठेवणे हे मी वरिष्ठ प्रशासकाचे मुख्य काम समजतो. पुढील सर्व पायऱ्या या एका कामाकडे नेणाऱ्या आहेत.

पहिला महिना : कायदा आणि इतिवृत्ते

रुजू झाल्यावर सत्कार आणि भेटीगाठींत पहिले आठ दिवस जातात, ते टाळता येत नाहीत. परंतु त्याच आठवड्यात महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ची प्रत टेबलावर ठेवावी आणि ती स्वतः वाचावी. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने १९९४ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. अनेक कार्यालयांत मात्र जुन्या कायद्याच्या सवयी अजून चालू असतात आणि ‘आपल्याकडे असेच करतात’ हे वाक्य नियमासारखे वापरले जाते. कोणी असे सांगितल्यास त्यामागचे कलम, परिनियम, परिपत्रक किंवा शासन निर्णय नम्रपणे मागावा. सापडला तर शंका मिटते. सापडला नाही, तर कोणत्या कामांना लेखी आधार नाही याची पहिली यादी आपोआप तयार होऊ लागते.

कोणता निर्णय कोठे होतो, हे सुरुवातीलाच पक्के करावे. राज्यपाल हे कुलपती असतात. कुलगुरू हे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी असतात. अभ्यासक्रमाचा मसुदा अभ्यास मंडळातून विद्याशाखेकडे आणि तेथून विद्या परिषदेकडे जातो, तर पैसा, मालमत्ता व नेमणुकांचे विषय व्यवस्थापन परिषदेकडे जातात. अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवालावर अधिसभेत, म्हणजे बोलीभाषेतल्या सिनेटमध्ये, चर्चा होते. या प्राधिकरणांचे सचिवपद कुलसचिवांकडे असल्यामुळे विषयपत्रिका आणि इतिवृत्त यांची जबाबदारीही त्यांचीच असते. तातडीच्या प्रसंगी प्राधिकरणाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कुलगुरूंना आहे आणि असा निर्णय नंतर त्या प्राधिकरणापुढे ठेवावा लागतो. हा अधिकार खऱ्या तातडीसाठीच वापरला जावा, असा सल्ला अधिकाऱ्यांनी कुलगुरूंना स्पष्टपणे द्यावा. कारण बैठक वेळेवर न घेतल्यामुळे उभी राहिलेली तातडी ही आपल्या नियोजनातली चूक असते.

यानंतर मागील तीन वर्षांची इतिवृत्ते वाचावीत. हे काम कंटाळवाणे असले तरी याला पर्याय नाही. प्रत्येक ठरावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : अंमलबजावणी झाली का, कोणत्या टेबलाने केली, आणि झाली नसल्यास नस्ती सध्या कोठे आहे. मी संलग्नीकरण विभागाचा, म्हणजे महाविद्यालये विद्यापीठाशी जोडण्याचे काम पाहणाऱ्या विभागाचा, कार्यभार घेतला तेव्हा असेच वाचताना एका महाविद्यालयाला एका वर्षापुरती दिलेली वाढीव तुकडी पुढे दोन वर्षे केवळ सवयीने चालू राहिल्याचे लक्षात आले. आदेशाची मुदत संपली होती, परंतु प्रवेश झाले होते, शुल्कही भरले गेले होते आणि विद्यार्थ्यांची पात्रता अडकून पडली होती. मुलांचा काहीही दोष नव्हता. ते प्रकरण मार्गी लावण्यास जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष लागले. मुदतीच्या प्रत्येक आदेशासाठी ‘मुदत संपण्याची तारीख’ हा स्वतंत्र रकाना नोंदवहीत असता, तर हे पहिल्याच वर्षी समजले असते. तेव्हापासून मी हा रकाना प्रत्येक विभागात आग्रहाने घालून घेत आलो.

दुसरी पायरी : वाढीचा आराखडा खरा ठेवणे

नवी महाविद्यालये आणि नवे अभ्यासक्रम कोठे सुरू करावेत, हे पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात ठरते. अधिष्ठाता मंडळ तो तयार करते, विद्यापीठाच्या प्राधिकरणांपुढून तो जातो आणि पुढे राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे, म्हणजे माहेडकडे पोहोचतो. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ या काळाचा आहे. ज्या स्थळबिंदूचा, म्हणजे महाविद्यालयासाठी सुचवलेल्या ठिकाणाचा, आराखड्यात समावेश नाही, तेथील अर्जाचा विचार होत नाही. म्हणूनच आराखडा तयार होत असताना संस्थाचालक, लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्ते यांची विद्यापीठात रीघ लागते.

या मागण्यांकडे संशयाने पाहू नये. दुर्गम तालुक्यातल्या मुलींचे शिक्षण बारावीनंतर थांबते ते पुष्कळदा केवळ महाविद्यालय लांब असल्यामुळेच, आणि तेथे महाविद्यालय मागणारा माणूस योग्य मागणी करत असतो. परंतु प्रत्येक स्थळबिंदूसाठी काही साधे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे कागदावर घ्यावीत. त्या परिसरात बारावी उत्तीर्ण होणारे विद्यार्थी किती आहेत? जवळच्या महाविद्यालयांत किती जागा रिकाम्या राहतात? एसटी किती वाजता येते आणि शेवटची किती वाजता परत जाते? मागितलेल्या विषयाचे पात्र शिक्षक त्या पगारात तेथे येऊन राहतील का? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तोच बहुधा विचारला जात नाही. घड्याळी तासिका तत्त्वावरील, म्हणजे तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, एका शिक्षकावर चालणारा विज्ञानाचा वर्ग कागदोपत्री वाढ दाखवतो, विद्यार्थ्याला मात्र प्रयोगशाळा दाखवू शकत नाही.

पुढचा क्रमही समजून घ्यावा. संस्था अर्ज करते, विद्यापीठ छाननी करून शिफारस करते, शासन प्रथम इरादापत्र, म्हणजे अटींसह प्राथमिक संमती, व अटींची पूर्तता झाल्यावर अंतिम मान्यता देते, आणि त्यानंतर संलग्नीकरणाचे काम पुन्हा विद्यापीठाकडे येते. या प्रत्येक टप्प्याच्या तारखा ठरलेल्या असतात. स्थानिक चौकशी समिती महाविद्यालयात जाते, तेव्हा तिच्या अहवालाचा नमुना नेमका असला पाहिजे. ‘ग्रंथालय समाधानकारक’ असे लिहू देऊ नये. पुस्तकांची संख्या, मागील वर्षीची खरेदी आणि ग्रंथपालाची नेमणूक लिहून घ्यावी. ‘त्रुटी पूर्ण करण्याच्या अटीवर’ ही शब्दयोजना तर अतिशय जपून वापरावी. अट घातली की तिची तारीख आणि ती तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम त्याच आदेशात आले पाहिजे, नाहीतर तीच अट दहा वर्षे आदेशांत जशीच्या तशी उतरत राहते.

तिसरी पायरी : निकालाच्या तारखेपासून मागे मोजणे

शेवटची परीक्षा झाल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत तो लावावा, असे कायदा सांगतो. नव्या अधिकाऱ्याने हे पंचेचाळीस दिवस भिंतीवर लावून ठेवावेत. पुढच्या प्रवेशाची, शिष्यवृत्तीची, नोकरीची आणि परदेशी जाण्याची विद्यार्थ्याची प्रत्येक तारीख त्यांच्यावर अवलंबून असते.

वाढीचा भार किती असतो, हे एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, एका वर्षी चाळीस महाविद्यालयांना साठ विद्यार्थ्यांचा एक नवा तीन वर्षांचा अभ्यासक्रम दिला आणि सर्व जागा भरल्या. पहिल्याच वर्षी २,४०० विद्यार्थी वाढले. प्रत्येक सत्रात सहा लेखी विषय धरले, तर दोन सत्रांच्या मिळून २८,८०० उत्तरपत्रिका होतात. तिन्ही वर्षांचे वर्ग भरले की त्या वर्षाला ८६,४०० होतात. एक परीक्षक दिवसाला चाळीस उत्तरपत्रिका नीट तपासतो असे मानले, तर केवळ या एका निर्णयाने परीक्षकांचे २,१६० दिवसांचे काम वाढले. त्याशिवाय प्रश्नपत्रिका काढणे, बैठक क्रमांक, भरारी पथके, मॉडरेशन (तपासलेल्या काही उत्तरपत्रिकांची फेरतपासणी), छायांकित प्रती आणि पुनर्मूल्यांकन आहेच. अभ्यासक्रमाच्या प्रस्तावासोबत असा अर्ध्या पानाचा हिशेब जोडण्याची सक्ती करावी आणि त्यावर परीक्षा संचालकांचा अभिप्राय घेतल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ देऊ नये. माझ्या मते ही एक सवय लागली, तरी निम्म्या अडचणी आधीच टळतात.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत २०१७ सालचा मुंबई विद्यापीठाचा अनुभव प्रत्येकाने अभ्यासावा. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या वर्षी एकदम मोठ्या प्रमाणावर लागू केली गेली. निकाल रखडले, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळता आली नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. ऑनस्क्रीन तपासणी ही पद्धत मुळात वाईट नाही. तिच्यामुळे बेरजेच्या चुका टळतात आणि उत्तरपत्रिकांची ने-आण वाचते. परंतु नवी पद्धत आधी एका विद्याशाखेच्या एका सत्रासाठी वापरावी, परीक्षकांना प्रत्यक्ष उत्तरपत्रिकांवर सराव द्यावा, आणि ती बंद पडल्यास काय करायचे हे परीक्षा सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे. कंत्राटदार ‘सगळे होऊन जाईल’ असे म्हणाला, तर त्याला मागच्या कामाचा दिवसवार तक्ता मागावा.

परीक्षेचे वेळापत्रक तयार करताना आपला भूगोल विसरू नये. भामरागड तालुक्याचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात तुटतो, हे गडचिरोलीत सर्वांना ठाऊक आहे. तरीही पावसाळ्यातल्या पुरवणी परीक्षेचे केंद्र कोठे ठेवायचे, हा प्रश्न कोणीतरी बैठकीत मुद्दाम मांडावा लागतो. बीड जिल्ह्यातली अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि घरातली मोठी मुले कधी त्यांच्याबरोबर, तर कधी लहान भावंडांना सांभाळत मागे राहतात. हिवाळी सत्रातली गैरहजेरी केवळ आळसाची समजणारा अधिकारी आपला जिल्हा ओळखत नाही, असे मी म्हणेन.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांची पद्धत आल्यापासून आणखी एक काम वाढले आहे. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये वेळेवर जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची त्याला मिळालेली मुभा कागदावरच राहते. नावातील स्पेलिंग, आईचे नाव आणि जन्मतारीख प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याकडून तपासून घेतली, की पुढचे शेकडो दुरुस्ती अर्ज वाचतात.

चौथी पायरी : माणसे आणि पदे

विद्यार्थी वाढले म्हणून पदे आपोआप वाढत नाहीत. आकृतिबंध, म्हणजे पदांचा आराखडा, शासनाकडून मंजूर व्हावा लागतो, त्यासाठी वित्त विभागाची संमती लागते, त्यानंतर बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम दाखवणारी नोंदवही) तपासून घ्यावी लागते आणि मगच जाहिरात निघते. यातला प्रत्येक टप्पा महिने घेतो. म्हणून पद रिक्त झाल्यावर नव्हे, तर निवृत्तीच्या वर्षभर आधी नस्ती सुरू करावी. पुढील पाच वर्षांत कोण कधी निवृत्त होणार, याची यादी आस्थापना विभागाकडून पहिल्याच महिन्यात मागवावी. ती पाहिल्यावर बहुतेक नवे अधिकारी काही वेळ गप्प बसतात.

मधल्या काळात विद्यापीठे प्रभारी अधिकारी आणि कंत्राटी कर्मचारी यांच्यावर चालतात. ही परिस्थिती मी योग्य मानत नाही, परंतु ती आहे तोवर ती नीट हाताळली पाहिजे. प्रभारी अधिकाऱ्याला कोणत्या रकमेपर्यंत आणि कोणत्या विषयांवर सही करता येते, हे आदेशात स्पष्ट लिहावे. अन्यथा तो सही टाळतो आणि नस्त्या साचतात. कंत्राटी कर्मचाऱ्याकडे गुणपत्रकांची माहिती असेल, तर तिची जबाबदारी आणि संगणकाचा पासवर्ड एका नियमित कर्मचाऱ्याच्या नावावर असावा. कंत्राटी मुलामुलींचे मानधन दरमहा ठरलेल्या तारखेला मिळते का, याकडेही वरिष्ठांनी स्वतः लक्ष द्यावे. निकालाच्या काळात रात्री दहापर्यंत तीच मुले थांबलेली असतात.

ज्येष्ठ अधीक्षकांचा उल्लेख येथे मुद्दाम करतो. तीस वर्षे एका विभागात काम केलेल्या माणसाला कोणत्या कपाटात कोणत्या वर्षाचे रजिस्टर आहे, हे तोंडपाठ असते. त्यांच्या निवृत्तीपूर्वी सहा महिने एका तरुण सहायकाला त्यांच्यासोबत बसवावे आणि त्यांच्याकडून विभागाची कार्यपद्धती लिहून घ्यावी. निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देण्याआधी हे झाले पाहिजे.

पैसा, खरेदी आणि जागा

अर्थसंकल्पाविषयी थोडक्यात सांगतो. वाढत्या विद्यापीठाचे उत्पन्न परीक्षा शुल्क आणि संलग्नीकरण शुल्क यांवर फार अवलंबून असते, आणि त्यामुळे पैशासाठी आणखी महाविद्यालये हवीत असा मोह होतो. वेतन अनुदान, विकास निधी आणि स्वतःचे उत्पन्न यांचा हिशेब नेहमी वेगळा ठेवावा. केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेतून निधी आला, की त्याच दिवशी उपयोगिता प्रमाणपत्राची (निधी ठरलेल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्याची) तारीख दिनदर्शिकेत लिहावी. खरेदीसाठी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातील कार्यपद्धती आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या वित्त विभागाशी बसून समजून घ्याव्यात आणि मार्चमध्ये घाईने खरेदी करणे कटाक्षाने टाळावे. लेखापरीक्षणातील आक्षेपांना दर तिमाहीत उत्तरे द्यावीत.

जागेबद्दल मात्र थोडे थांबून लिहावेसे वाटते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी सागरमाळावरच्या उजाड माळरानावर ते उभे केले. आज ८५३ एकरांच्या त्या परिसरात तलाव आहेत, विहिरी आहेत, दाट झाडी आहे आणि साठ वर्षांनंतरही नव्या विभागाला जागा देता येते. नव्या विद्यापीठांना इतकी जमीन क्वचितच मिळते आणि मिळते ती तुकड्यातुकड्यांनी. म्हणूनच सातबारा, मोजणी, हद्दीचे दगड आणि अतिक्रमणे यांची नस्ती कुलसचिवांनी स्वतःच्या देखरेखीखाली ठेवावी, आणि पहिली इमारत बांधण्यापूर्वी पाणी, सांडपाणी, रस्ते व वसतिगृहांची जागा नकाशावर निश्चित करावी. मुलींचे वसतिगृह पुढच्या टप्प्यात ढकलू नये. ते नसल्यास ग्रामीण भागातल्या मुली पदव्युत्तर विभागात येतच नाहीत.

पाचवी पायरी : खिडकीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडे पाहणे

सिरोंचा गडचिरोलीपासून सुमारे दोनशे किलोमीटर आहे. तेथल्या विद्यार्थ्याला गुणपत्रकातल्या एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी विद्यापीठात यावे लागले, तर त्याचे दोन दिवस आणि घरातल्या एखाद्याची मजुरी जाते. त्यात ‘आज साहेब नाहीत’ असे ऐकावे लागले तर त्याची अवस्था काय होत असेल, याचा विचार प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याने करावा. आठवड्यातून एकदा, आधी न सांगता, विद्यार्थी सुविधा केंद्राच्या रांगेशेजारी अर्धा तास उभे राहावे. कोणत्याही अहवालापेक्षा तेथे अधिक कळते.

मातृविद्यापीठाचा, म्हणजे नवे विद्यापीठ ज्यातून वेगळे झाले त्या जुन्या विद्यापीठाचा, प्रश्नही याच खिडकीवर येतो. चंद्रपूरच्या महाविद्यालयातून २००५ साली पदवीधर झालेल्या व्यक्तीची कागदपत्रे नागपूर विद्यापीठाकडे असतात. सोलापूरहून २००० साली उत्तीर्ण झालेल्याची कोल्हापूरला. हे अनेकांना माहीत नसते आणि त्यांना दोन्हीकडे हेलपाटे पडतात. कोणत्या वर्षापर्यंतची कोणती कागदपत्रे कोठे मिळतात, हा फलक प्रवेशद्वाराजवळ मोठ्या अक्षरांत मराठीत लावावा आणि संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर द्यावा.

उपपरिसर किंवा उपकेंद्र असेल, तर त्याला खरे अधिकार द्यावेत. सहीसाठी प्रत्येक कागद मुख्यालयात पाठवणारे उपकेंद्र हे केवळ टपाल कार्यालय ठरते. बोनाफाईड, स्थलांतर प्रमाणपत्र, नावातील किरकोळ दुरुस्ती ही कामे तेथल्या तेथे व्हावीत, असा आदेश काढण्यास फार वेळ लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित केलेल्या सेवांची मुदत पाळली जाते की नाही, हे दरमहा तपासावे. माहिती अधिकाराचे अर्ज तीस दिवसांत निकाली निघावेत. एकाच विषयावर वारंवार अर्ज येत असतील, तर ती माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती आणि रॅगिंगविरोधी समिती यांची मुदत कधी संपते, हे कुलसचिवांना दिनदर्शिका न पाहता सांगता आले पाहिजे.

कुलगुरूंशी काम करताना

कुलगुरूंचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो आणि त्यांना पाच वर्षांत काहीतरी उभे करायचे असते. ही इच्छा चांगली आहे आणि अधिकाऱ्यांनी तिला बळ द्यावे. परंतु नव्या केंद्राची किंवा नव्या अध्यासनाची कल्पना पुढे आली, की टिपणीत तीन आकडे अवश्य द्यावेत : आवर्ती खर्च, लागणारी नियमित पदे, आणि पाच वर्षांनंतर ते चालवण्याचा स्रोत. आपले मत वेगळे असेल, तर ते बैठकीत आदराने मांडावे आणि टिपणीतही लिहावे. तोंडी ‘नको’ आणि कागदावर ‘मान्यतेस्तव सादर’ असे कधीही करू नये. निर्णय झाल्यावर मात्र मतभेद बाजूला ठेवून तो मनापासून अमलात आणावा. कुलगुरूंनी दूरध्वनीवर दिलेली सूचना त्याच दिवशी टिपणीत उतरवून त्यांच्या सहीसाठी ठेवावी. यात अविश्वास नसतो, आणि चांगले कुलगुरू त्याचे स्वागतच करतात.

शेवटची पायरी : कार्यभार सोपवण्याची तयारी

कार्यभार सोपवण्याची टिपणी बदलीच्या किंवा निवृत्तीच्या आदल्या दिवशी लिहायची नसते. रुजू झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात एक वही उघडावी आणि दर शनिवारी तिच्यात चार ओळी लिहाव्यात : न्यायालयातील प्रकरणे व पुढील तारखा, मुदत संपत आलेले आदेश, शासनाकडे प्रलंबित प्रस्ताव व त्यांचे शेवटचे स्मरणपत्र, कबूल केलेल्या पण न झालेल्या गोष्टी. शेवटच्या रकान्यात महाविद्यालयांना, कर्मचारी संघटनांना आणि विद्यार्थी शिष्टमंडळांना तोंडी दिलेली आश्वासनेही तारखेसह असावीत, कारण ती कोणत्याही नस्तीत सापडत नाहीत आणि नव्या अधिकाऱ्याच्या दालनात पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांची आठवण करून देतो. ही वही, किल्ल्या, डिजिटल स्वाक्षरीची नोंद आणि कपाटांची यादी यांसह उत्तराधिकाऱ्याच्या समोर बसून, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या करून सुपूर्द करावी.